अलिबाग ते रत्नागिरी सायकलवर, चढ किती?

मंडळी, डिसेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग-रत्नागिरी करायचंय, समुद्राकडेचा रस्ता म्हणजे सपाटच ना? साधी सायकल चालेल की गिअरची घेऊ?

— सपाट? विसरा! खाडी आली की खाली उतरायचं आणि पलीकडे लगेच सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) चढायचं, दिवसभर हेच. गिअरचीच घ्या; मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (गिअरचक्रांच्या संचात) सर्वात मोठं चक्र ३४ दातांचं असेल तर गुडघे वाचतील.

— फेरीबोटीत सायकल घेतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या क्रमाने. शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारा, दाभोळची चुकली तर चिपळूणवरून वळसा, आणि तो सायकलवर नकोच 😄

— धोपाव्याला उतरलात की चढ सुरू, आधी पाणी भरून घ्या. ब्रेकपॅड जादा ठेवा हां, उतारावर वळणांना जांभ्या दगडाची बारीक खडी असते, चाक सरकतं.