आजोबांची ट्रंक आणि वाचनालय: 'पुस्तकं असतील तर द्या'

जुन्यामिलचा_नातू

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पण पोटापाण्यासाठी पिंपरीत. गेल्या महिन्यात आईला इकडे आणलं. घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा जुन्या मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. (बाहेरगावच्यांसाठी: जुनी मिल म्हणजे १८७७ सालची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, गावातली पहिली कापड गिरणी. तिच्या भोंग्यावर घरोघरी चूल पेटायची, असं आई सांगते.)

ट्रंकेत एक पितळी बिल्ला आहे. पगाराच्या चिठ्ठ्या सुतळीत ओवून ठेवल्यात. युनियनची पत्रकं आहेत, त्यातली तीन तेलुगूत. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांसाठी काढली असणार. खात्याचा ग्रुप फोटो आहे, सत्तावीस माणसं, एकाचंही नाव लिहिलेलं नाही. आणि एक लांबट वही, १९४७ ची. तिच्यात बदली कामगारांची नावं, कोण कुठल्या पाळीला आला, कुणाला दोन रुपये उसने दिले, कुणी परत केले नाहीत.

हे सगळं पिशवीत घालून मी गावातल्या एका वाचनालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं बघितलं आणि म्हणाले, "पुस्तकं असतील तर द्या. सुटे कागद आम्ही कुठं ठेवायचे?" राग नाही आला, पण परत येताना पिशवी जड लागली. वाटेत भंगारवाल्यानं बिल्ल्याचे चाळीस रुपये सांगितले. तोच एकटा घ्यायला तयार होता!

तर प्रश्न असा: हे नेमकं कुणाला द्यायचं? की मीच स्कॅन करून नेटवर टाकून मोकळं व्हावं? आई म्हणते, "दुसऱ्याच्या उसनवारीचं कुणाला काय पडलंय?"

दाखलअंक

एका तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, म्हणून बोलतो. त्या गृहस्थांना दोष देऊ नका. आमचं सगळं जग दाखल नोंदवहीत असतं. पुस्तक आलं की दाखल अंक पडतो. लेखक, प्रकाशक, किंमत, पानं असे रकाने भरायचे. तुमच्या पगारचिठ्ठीचा लेखक कोण लिहू? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं ते वर्गावर, आणि अ, ब, क, ड हा वर्ग ठरताना बघतात ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती. सुतळीतल्या चिठ्ठ्या त्यात कुठंच मोजल्या जात नाहीत. तपासणीला आलेला माणूस उलट विचारतो, हा पसारा कसला?

तरी मी घेतले होते. "स्थानिक" असं लिहून एक कपाट केलं. त्यात लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, बाजार समितीच्या निवडणुकीची पत्रकं. माझ्यामागून आलेल्यानं ते कपाट रिकामं केलं, कारण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना जागा हवी होती. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही, सकाळी सातला पोरं दाराशी उभी असतात. पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

म्हणून देताना असं करा. नुसती पिशवी ठेवून येऊ नका. एका कागदावर देणगीपत्र लिहा: काय दिलं, नग किती, कुणाचं होतं, कुठून मिळालं. शेवटी एक ओळ टाका की संस्थेला नको झालं तर आधी आम्हाला कळवावं. त्यावर सही-शिक्का घ्या. आणि एकट्या ग्रंथपालाला भेटू नका, कार्यकारिणीच्या सभेत विषय घ्यायला लावा. ठरावात आलं की कपाट सहज हलत नाही.

स्वतःकडं असेपर्यंत: सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. टाचण्या गंजल्या असतील तर हळूच काढा. फोटोच्या मागं पेनानं काही लिहू नका, शाई पुढं उमटते. मऊ पेन्सिल वापरा. स्कॅन करताना कागदाला ३०० डीपीआय चालेल, फोटोला ६०० ठेवा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. आईंना घेऊन फोटोसमोर बसा. ट्रंक दहा वर्षं टिकेल. त्या सत्तावीस जणांतली नावं किती दिवस टिकतील?

वाशिष्ठीकाठ

आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ ला पाणी शिरलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरलं. चिखलातून पुस्तकं काढणाऱ्यांत मीपण होतो. ओलं पुस्तक फुगलं की कपाटातून बाहेरच येत नाही, फळी तोडावी लागते. तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. खालच्या फळीवर काही ठेवू देऊ नका. आणि स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावात असू द्या. तुम्ही पिंपरीत आहात ते बरंच आहे.

चादर_टॉवेल

तेलुगू पत्रकं मला पाठव की बे. घरात आजी अजून वाचते, चष्मा लावून मोठ्यानं. आणि कॉपीराइटची भीती घालेल कोणीतरी, तर ऐक: नाव नसलेलं पत्रक असेल तर छापल्यापासून साठ वर्षं. १९४७ चं कधीच मोकळं झालंय.

जुन्यामिलचा_नातू

दाखलअंक काका, आईला घेऊन बसलो. पहिली दहा मिनिटं "मला काय आठवतंय" झालं. मग फोटोतल्या एकाच्या टोपीवर बोट ठेवून म्हणाली, हा आमच्याकडं दर दिवाळीला चकल्या मागायला यायचा. तिथून दोन तास. अकरा नावं लागली. काही नुसती टोपणनावं आहेत, पण असू देत.

आता नवीन भानगड. वहीत काही नावांपुढं "से." असं लिहिलंय. मला वाटलं सेक्शन. आई म्हणाली, "नाही रे, सेटलमेंटमधले." एवढं बोलून गप्प झाली. हे नेटवर टाकावं का?

तारेपल्याडची

मी त्याच वस्तीतली. माझी आजी तिथं वाढली, मामा गिरणीत होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीनं बाहेर पडायचं, गिरणीत राबायचं. कायदा १९५२ साली रद्द झाला. भागाला आजही सगळे सेटलमेंटच म्हणतात, रिक्षावालासुद्धा.

माझं म्हणणं, वही वाचनालयात जरूर द्या. "से." खोडू नका, पान फाडू नका. आमची माणसं साच्यावर उभी होती याचा कागद आमच्याकडं नाही. सरकारी दप्तरात आहोत ते गुन्हेगार म्हणून. तुमच्या आजोबांच्या वहीत पाळीला वेळेवर आलेला कामगार म्हणून आहोत, ते मला फार मोलाचं वाटतं. पण ती पानं नावानिशी नेटवर टाकू नका. त्या आडनावांची पोरं आज नोकऱ्या शोधतायत. कुणी येऊन मागितली तर समोर बसून बघू द्या, एवढी अट देणगीपत्रात घाला.

आणि एक विचारते, जमलं तर सांगा. उसने पैसे न देणाऱ्यांत आमचे किती आहेत?

जुन्यामिलचा_नातू

ताई, आत्ताच मोजले. "से." असलेली नावं चौदा. त्यातल्या पाचांनी उसने घेतले होते, पाचांच्याही पुढं "पोचले" लिहिलंय. न देणाऱ्यांत एक आमचे सख्खे चुलत आजोबा निघाले. आई हसून हसून दमली.

अट घालतो. काका, देणगीपत्राचा मसुदा उद्या इथं टाकतो, तपासून द्या. पुढच्या रविवारी सोलापूरला जातोय, कार्यकारिणीतले एकजण भेटायला तयार झालेत. फोटो फक्त इथं लावतो, वही नाही. मागच्या रांगेत डावीकडून चौथा, हातात बॉबिन धरलेला, याला कुणी ओळखतं का? आईला एवढंच आठवतंय की तो कन्नड बोलायचा आणि भोंग्याच्या आधी पाच मिनिटं आजोबांना हाक मारायला यायचा.