मदत हवी आहे: रुग्णालयात हातकडी काढून घेण्यासाठी अर्ज कोठे करावा?

माझे चुलत भाऊ फसवणुकीच्या एका प्रकरणात न्यायालयीन कोठडीत असून सध्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल आहेत. तेथे त्यांचा डावा हात हातकडीने खाटेच्या दांड्याला अडकवलेला असतो आणि उजव्या हाताला सलाईन लावलेले असल्याने त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही. पहाऱ्यावरील हवालदारांनी 'वरून आदेश आहे' एवढेच सांगितले, लेखी आदेश दाखवला नाही. कारागृह अधीक्षकांना दिलेल्या अर्जालाही उत्तर आलेले नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(३) अटक करताना किंवा न्यायालयात हजर करताना हातकडीची मुभा देते. त्यातील गुन्ह्यांच्या यादीत फसवणूक नाही, रुग्णालयाचा तर उल्लेखच नाही. शिवाय कैद्याला हातकडी घालण्यासाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आसामच्या प्रकरणात बजावले होते, आणि तेही रुग्णालयात खाटेला जखडलेल्या बंद्यांविषयीच.

भावांवर पूर्वीचा एकही गुन्हा नाही, पळून जाण्याचा प्रयत्नही त्यांनी कधी केलेला नाही. जामीन अर्जाची सुनावणी लांबणीवर असल्याने तोवर थांबणे शक्य नाही. अशा स्थितीत कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडेच अर्ज करावा की थेट उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी, आणि सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडणे आवश्यक आहे का?