सुपारीच्या आगरात टाग्वा लावता येईल का?

गुहागरचे आगर
नमस्कार मंडळी. भाचीच्या कुडत्याची बटणे मला हस्तिदंताची वाटली, पण चौकशी केल्यावर ती दक्षिण अमेरिकेतील टाग्वा नावाच्या माडाच्या बियांची असल्याचे कळले. हा माड मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो असे वाचले. आमच्या सुपारीच्या ओळींमध्ये जायफळाची काही झाडे मेल्यामुळे जागा मोकळी आहे. तिथे टाग्वा रुजेल का, आणि फळ धरायला किती वर्षे लागतील?

माडवेडा, दापोली
टाग्वा हा फायटेलिफस या वंशातला माड. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच 'वनस्पती-हत्ती'. इक्वेडोर, कोलंबिया, पनामा, पेरू हे त्याचे माहेर. माणसाच्या डोक्याएवढ्या काटेरी गुच्छात त्याची फळे दाटीने बसलेली असतात. कोवळ्या बीत शहाळ्यासारखे पाणी असते, पुढे त्याचा मलईसारखा गर होतो, आणि पूर्ण पिकल्यावर तोच गर दगडासारखा घट्ट होतो. नारळात कोंबासाठीचे अन्न तेलाच्या रूपात साठते, तर इथे ते पेशींच्या जाड भित्तिकांत मॅनन या शर्करामय पदार्थाच्या रूपात साठते, म्हणून हा कठीणपणा.

लागवडीत खरी अडचण अशी की नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत. त्यामुळे एक-दोन रोपे लावून भागणार नाही. सात-आठ तरी एकत्र लावावीत. बी रुजायलाच कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो, आणि फळासाठी दहा-पंधरा वर्षे तरी धरून चला. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो, तर या माडाला ओल वर्षभर हवी. तेव्हा नोव्हेंबरपासून मेपर्यंत सुपारीबरोबर त्यालाही शिंपणे द्यावे लागेल आणि बुंध्याशी झावळ्यांचे आच्छादन ठेवावे लागेल. कातळावर, जांभ्याच्या उथळ मातीत तो लावू नका. आणखी एक गोष्ट म्हणजे परदेशातून बी मागवताना वनस्पती संगरोधाचा (क्वारंटाइनचा) परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. पिशवीत घालून आणलेली बी आपल्या नारळ-सुपारीवर नवा रोग आणू शकते, याचे भान असावे.

लेथ आणि लाख, सावंतवाडी
मी लाकडी खेळणी करतो आणि टाग्वाच्या बियांवरही काम केले आहे. कोंबडीच्या लहान अंड्याएवढी बी, वर तपकिरी साल. ती कानशीने उतरवली की आतून दुधाळ पांढरा रंग निघतो. बीच्या मध्यभागी बहुधा पोकळी असते आणि ती नेमकी कुठे आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून थेट लेथवर न चढवता मी आधी बारीक करवतीने तिची दोन शकले करतो. बटण, मणी, लहानसा गणपती, एवढेच तिच्यातून निघते. रंग छान धरते. मात्र बी फार वेळ पाण्यात राहिली तर मऊ पडते, वाळल्यावर पुन्हा कडक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेत या बियांची बटणे मोठ्या प्रमाणावर बनत. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकने तो धंदा जवळजवळ बुडवला. हत्तीला हात न लावता असे काम करता येते, याचे मला फार मोल वाटते.

खाडीपलीकडचा
टाग्वाआधी आपल्याच बाजूच्या श्रीताडाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. लहानपणी तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बांधला जाणारा काळा, गुळगुळीत बजरबट्टू ही त्याचीच बी. उत्तर कन्नडच्या जंगलात हा माड आढळतो आणि त्याच्या कठीण बियांचेही मणी व बटणे होत आली आहेत. तो कित्येक दशकांनंतर एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. शिवाय पसारा प्रचंड, त्यामुळे सुपारीच्या ओळीत तो मावणार नाही. बांधावर, मोकळ्या कोपऱ्यात लावावा.

गुहागरचे आगर
सर्वांचे मनापासून आभार. विहिरीला मेमध्येही पाणी असते, त्यामुळे शिंपण्याची चिंता नाही. परवान्याची रीतसर चौकशी करतो, आणि तोवर पश्चिमेच्या बांधावर श्रीताडाची दोन रोपे लावतो.