लू शुनपेक्षा आयलीन चँगला जास्त पानं: समीक्षा की राजकारण?

पानगळ: अमेरिकेतले चिनी समीक्षक सी. टी. श्या यांचा आधुनिक चिनी कथात्म साहित्याचा इतिहास 1961 साली येल विद्यापीठाने काढला. त्यात आधुनिक चिनी साहित्याचा जनक मानल्या जाणाऱ्या लू शुनला पंचवीसेक पानं आणि कथा-कादंबरीकार आयलीन चँगला चाळीसच्या वर. साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातले अभ्यासक यारोस्लाव प्रूशेक यांनी 1962 मध्ये 'तुंग पाव' या नियतकालिकात त्यावर राजकीय पूर्वग्रहाचा ठपका ठेवत झोड उठवली. श्यांनी 1963 मध्ये तिथेच उत्तर दिलं. माझ्या मते चँगला इतकं मोठं स्थान देणारा श्यांचा कौल बरोबर होता. चँगच्या 'सोन्याचा खोडा' या दीर्घकथेच्या शेवटाकडे अफूच्या तारेत पडलेली नायिका हातातली जेडची बांगडी वर सरकवत पार काखेपर्यंत नेते. दंड वाळून काटकी झालाय. एवढ्यात तिचं आख्खं आयुष्य येतं. याला कला म्हणायचं नाही तर कशाला?

खडूस: बांगडीच्या जरा आधीचं वाक्य गाळलंत. तीस वर्षं तिने सोन्याचा खोडा वागवला आणि त्याच्या जड कडांनी माणसं अर्धमेली केली, हे लेखिका तिथे सरळ सांगून टाकते. लू शुनने हेच केलं की तुम्ही 'प्रचार' म्हणणार! शिवाय या पुस्तकाची मुळं पाहा: 1951 मध्ये श्या येलमध्ये अमेरिकी लष्करासाठी चीनविषयक माहितीपुस्तिका लिहिण्याच्या कामावर होते. शीतयुद्ध काय फक्त प्रूशेकच लढत होते?

पानगळ: मग डाव्या कथाकार चांग थ्येन-यीचं श्यांनी भरभरून कौतुक का केलं? लष्कराने सांगितलं होतं?

तळटीप: दोघेही 'कला विरुद्ध राजकारण' हीच मांडणी धरून बसला आहात. प्रूशेकनी पुढे लू शुनच्या 1911 मध्ये अभिजात चिनीत लिहिलेल्या एका कथेवर लेख लिहिला. भाषा जुनी, पण कथानक मुद्दाम सैल ठेवलेलं, आणि आधुनिकता तिथेच आहे, असा त्यांचा दावा. ही तर चोख रूपवादी, म्हणजे आशयापेक्षा रचनेकडे पाहणारी, समीक्षा झाली. खरा मतभेद निकष कुठून घ्यायचे, यावर आहे. श्या इंग्रजी साहित्यात पीएचडी; थोर कादंबरीची त्यांची कल्पना युरोपातून आलेली. प्रूशेक चिनी काव्यपरंपरेतल्या आत्मपर सुरातून लू शुनकडे येतात. त्यात मला प्रूशेक पटतात, पण लेखकाचा हेतू उदात्त म्हणून कृती थोर ठरत नाही, हा श्यांचा मुद्दा त्यांना खोडता आला नाही.

खडूस: आणि कादंबरीकार श्याओ होंग? तिला श्यांनी जवळपास वगळलंच.

तळटीप: ती मोठीच चूक. श्यांनी पुढे स्वतः कबूल केली. श्यांचं पुस्तक वाचायचंच तर 1999ची इंडियाना विद्यापीठाची आवृत्ती घ्या, समीक्षक डेव्हिड वांग यांची प्रस्तावना आहे. शांघायच्या फूतान विद्यापीठाने 2005 मध्ये काढलेल्या चिनी आवृत्तीत काटछाट आहे; ती वाचून श्यांच्या राजकारणावर बोलू नये. प्रूशेकचे लेख अभ्यासक लिओ ली यांनी 1980 मध्ये एकत्र केले, तेही सोबत ठेवा.

पानगळ: ठीक, पण चँगचं एकही पान कमी करणार नाही.