मदत हवी आहे: २० मशिननंतर शेअर फोल्डर उघडत नाही (१२वी आयटी, पीएचपी प्रॅक्टिकल)

आयटी_मॅडम (प्रश्न)

१२वी विज्ञानच्या आयटी विषयाच्या पीएचपीच्या (सर्व्हरवर चालून वेब पानं तयार करणारी भाषा) एसओपी (ठरवून दिलेली प्रात्यक्षिकं) सुरू करायच्या आहेत. त्याआधी लॅबची घडी बसवायची आहे. सध्याची मांडणी सांगते.

मुलांची २४ मशिन आणि शिक्षकाचं १. सगळीकडे विंडोज १० प्रो, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. १६ पोर्टचे दोन स्विच आणि एक राउटर. इंटरनेट आहे, पण भरवशाचं नाही. एका बॅचला ४८ मुलं, म्हणजे एका मशिनवर दोघं. जोडतास ७० मिनिटांचा.

झॅम्प (अपाचे हा वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) फक्त शिक्षकाच्या मशिनवर आहे. त्यातलं एचटीडॉक्स फोल्डर (वेब पानं इथे ठेवतात) शेअर केलंय आणि आत प्रत्येक जोडीचं वेगळं फोल्डर आहे. मुलं नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहून थेट त्या फोल्डरमध्ये सेव्ह करतात आणि ब्राउझरमध्ये शिक्षकाच्या मशिनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून पान बघतात.

अडचण अशी की २० मशिनपर्यंत सगळं सुरळीत चालतं. नंतर सुरू होणाऱ्या मशिनवर शेअर फोल्डरच उघडत नाही, आणखी जोडण्या देता येत नाहीत अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. त्याच मशिनवर ब्राउझरमध्ये पान मात्र व्यवस्थित दिसतं! अडणारी मशिन ठरावीक नाहीत, उशिरा सुरू होईल ते अडतं. केबल आणि स्विचचे पोर्ट बदलून फरक पडला नाही. शेअरिंगच्या खिडकीत एकाच वेळी किती जण याचा आकडा २० आहे, २५ घालू देत नाही.

हा आकडा वाढवता येतो का? येत नसेल तर खर्च न करता दुसरी कुठली मांडणी करावी? सर्व्हरसाठी पैसे मिळणार नाहीत असं धरून सांगा. शिवाय ४८ मुलांच्या फाइल तासाच्या शेवटी एका जागी गोळा व्हायला हव्यात.

लॅन_आणि_तारा

मॅडम, केबल आणि स्विच निर्दोष आहेत. विंडोज १० ही सर्व्हर नाही, म्हणून फाइल आणि प्रिंटर शेअरिंगसाठी ती बाहेरून येणाऱ्या २० जोडण्याच घेते. ही मर्यादा परवान्याचीच आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) आकडा बदलण्याचे उपाय नेटवर सापडतील, त्यांच्या नादी लागू नका.

ब्राउझर का चालतो, तर तिथे फाइल शेअरिंगचा संबंधच येत नाही. पान अपाचे देतं आणि झॅम्पमधल्या अपाचेला एका वेळी १५० विनंत्या घेण्याची सोय मुळातच असते.

खात्री करायची असेल तर तुमच्या मशिनवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स. कोणतं मशिन किती वेळ जोडलेलं आहे आणि किती वेळ रिकामं बसलंय ते दिसेल. रिकामी जोडणी साधारण १५ मिनिटांनी आपोआप तुटते, म्हणून एक मशिन बंद केल्यावर दुसऱ्याला जागा मिळायला वेळ लागतो. तिथूनच एखादं सेशन हाताने बंद करता येतं, पण तेव्हा त्या मुलाची फाइल उघडी असेल तर त्याचं लिहिलेलं जाऊ शकतं.

तुमच्या मशिनचा आयपी राउटरकडून मिळत असेल तर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो. मांडणी कोणतीही ठेवा, हा पत्ता कायमचा करून घ्या. राउटर जी मालिका वाटतो तिच्या बाहेरचा आकडा द्या, नाहीतर तोच पत्ता एखाद्या मुलाच्या मशिनला मिळेल आणि दोन्ही अडतील.

जर्नल_तपासनीस

मर्यादा वाढवता आली असती तरी मी ही मांडणी ठेवू नका असंच म्हटलं असतं. कारणं गंभीर आहेत.

मुलांनी लिहिलेलं पीएचपी तुमच्या मशिनवर, तुमच्या अधिकारांनी चालतं. पीएचपीला फाइल वाचता येते, पुसता येते. चार ओळी लिहून एखादा मुलगा दुसऱ्याचं फोल्डर, किंवा त्याच मशिनवर ठेवलेली गुणांची यादी आणि प्रश्नपत्रिका वाचू शकतो. दुसरं म्हणजे शेअर फोल्डरमधून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. आणि तिसरं, तुमचं एक मशिन अडलं की ४८ मुलांचा तास थांबतो.

म्हणून पीएचपी प्रत्येक मशिनवर ठेवा. त्यासाठी २४ ठिकाणी झॅम्प लागत नाही. एसओपीमध्ये येतं ते म्हणजे वय घेऊन मतदानाची पात्रता सांगणं, वाक्यातले स्वर मोजणं, पाच विषयांचे गुण अ‍ॅरेमध्ये ठेवून बेरीज आणि टक्केवारी काढणं. यात डेटाबेस कुठेच नाही. पीएचपीत स्वतःचा छोटा सर्व्हर असतो, तो पुरतो आणि ४ जीबीच्या मशिनवर हलका चालतो.

पीएचपीच्या अधिकृत साइटवरून विंडोजची ६४-बिट झिप एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. प्रत्येक मशिनवर सी ड्राइव्हमध्ये पीएचपी नावाचं फोल्डर करून त्यात उलगडा. आत डेव्हलपमेंट नावाची नमुना सेटिंग फाइल असते, तिची प्रत करून नाव पीएचपी डॉट आयएनआय ठेवा, म्हणजे चुका पडद्यावर दिसतील. प्रॉडक्शन नावाची नमुना फाइल घेऊ नका, तिच्यात चुका लपवलेल्या असतात आणि मुलांना नुसतं कोरं पान दिसतं.

मग डी ड्राइव्हवर आयटी नावाचं फोल्डर करा आणि डेस्कटॉपवर एका ओळीची बॅच फाइल (डबल क्लिक केल्यावर आतली आज्ञा चालवणारी) ठेवा. ओळीत क्रमाने हे येतं: पीएचपीचा पूर्ण पत्ता, वजा चिन्ह आणि लगेच कॅपिटल एस, जागा सोडून लोकलहोस्ट (म्हणजे तेच मशिन) कोलन ८०००, जागा सोडून वजा चिन्ह आणि स्मॉल टी, जागा सोडून आयटी फोल्डरचा पत्ता. मुलाने त्यावर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ८००० टाकून पुढे फाइलचं नाव दिलं की पान येतं.

ती काळी खिडकी तास संपेपर्यंत उघडी राहायला हवी. मुलं सवयीने बंद करतात आणि मग कनेक्शन नाकारल्याची ओरड होते. फळ्यावर लिहूनच ठेवा.

मोकळी_प्रणाली

दुसरी वाट: भंगारात काढलेलं २ जीबी रॅमचं एखादं मशिन असेल तर त्यावर लिनक्स टाकून सांबा (विंडोजच्या मशिनना फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) चालवा. सांबाला २० ची अट नाही. तुमची आत्ताची पद्धत जवळपास तशीच राहील आणि यूपीएस त्या एका मशिनला दिला तरी जतन केलेलं काम सुरक्षित राहील.

एक गोष्ट मुलांना सुरुवातीला अडवेल. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये कॅपिटल व्ही आणि फाइलच्या नावात स्मॉल व्ही असेल तर विंडोजवर चालणारं पान इथे ४०४ (पान सापडलं नाही) दाखवतं. सगळी नावं स्मॉल अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता, हा नियम पहिल्याच तासाला लावा.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा २४ मशिनचा विचार कधीतरी करावाच लागेल. तो आजचा प्रश्न नाही.

आयटी_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. सेशन्समध्ये बरोबर २० नावं दिसली, तेव्हा कारण पक्कं झालं. पुसलेली फाइल परत मिळत नाही आणि गुणांची यादी वाचता येते, या दोन्ही गोष्टी कळल्यावर शेअर एचटीडॉक्स बंदच करते. लिनक्ससाठी वेगळं मशिन नाही, म्हणून तपासनीस सरांची पद्धत चार मशिनवर लावली. तीन लगेच चालली. चौथ्यावर व्हीसीरनटाइम १४० नावाची डीएलएल (प्रोग्राम चालायला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही असं येतं. आणि फाइल गोळा करणं राहिलंच. पेन ड्राइव्ह घेऊन २४ मशिन फिरणं ७० मिनिटांत बसत नाही, शिवाय एका पेन ड्राइव्हमधून व्हायरस सगळीकडे जाईल.

जर्नल_तपासनीस

डीएलएलसाठी मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, ६४-बिट, सगळ्यात नवं, त्या मशिनवर बसवा. बाकी तिघांवर ते दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर आधीच आलेलं असणार. ती डीएलएल सुटी उतरवून देणाऱ्या साइट असतात, तिथे जाऊ नका.

लॅन_आणि_तारा

गोळा करायचं तर दिशा उलटी करा. २० ची मर्यादा बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना आहे. तुमच्या मशिनने २४ ठिकाणी जाऊन फाइल आणल्या तर प्रत्येक मुलाच्या मशिनवर एकच जोडणी येते आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

मशिनना पीसी०१ ते पीसी२४ अशी नावं द्या आणि तेच आकडे मॉनिटरवर चिकटवा. प्रत्येकावर एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं एक खातं करा. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. हा पासवर्ड मुलांना सांगायचा नाही, ती त्यांच्या नेहमीच्या खात्यानेच बसतील. नेटवर्कचा प्रकार प्रायव्हेट करा. पब्लिक राहिला तर फायरवॉल शेअरिंग अडवते, आणि एखादंच मशिन दिसत नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं. डी ड्राइव्हवरचं आयटी फोल्डर फक्त त्या खात्याला आणि फक्त वाचण्यापुरतं शेअर करा.

तुमच्या मशिनवर बॅच फाइलमध्ये रोबोकॉपीच्या (विंडोजमधली फाइल कॉपी करण्याची आज्ञा) २४ ओळी लिहा. ओळीत आधी मुलाच्या मशिनचा पत्ता, मग तुमच्याकडचं त्याच आकड्याचं फोल्डर, मग स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. शेवटचे दोन विसरू नका. ते नसतील तर रोबोकॉपी बंद मशिनसाठी दर ३० सेकंदांनी १० लाख वेळा प्रयत्न करत बसते आणि पुढची मशिन तशीच राहतात. स्लॅश एमआयआर कधीच लावू नका. मुलाने फोल्डर रिकामं केलं तर ती तुमच्याकडची प्रतही रिकामी करते.

तास संपायच्या दहा मिनिटं आधी चालवा. या फाइल काही केबींच्या असतात, २४ मशिनना फार वेळ लागत नाही.

प्रात्यक्षिक_पुस्तिका

मांडणी झाली, आता तास वाचवायचा. मुलांच्या पीएचपीतल्या बहुतेक हाका थोड्याच कारणांनी येतात.

पान उघडण्याऐवजी कोड दिसतो: फाइलवर डबल क्लिक केलंय. पत्त्याची सुरुवात फाइल या शब्दाने होते का ते बघायला शिकवा, तो लोकलहोस्टने सुरू व्हायला हवा. पत्ता बरोबर असून पान सापडत नसेल तर नोटपॅडने मागे डॉट टीएक्सटी जोडलंय. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबमध्ये फाइल नेम एक्सटेन्शन्सवर खूण करा, सगळ्या मशिनवर, कायमची. आणि सेव्ह करताना सेव्ह अ‍ॅज टाइपमध्ये ऑल फाइल्स.

अनडिफाइन्ड अ‍ॅरे की असा इशारा आला तर आधी एचटीएमएल बघायचं, पीएचपी नंतर. खोक्याला आयडी दिलाय पण नेम दिलेलं नाही, हे सगळ्यात जास्त. नाहीतर फॉर्मची मेथड गेट आहे आणि पीएचपीत पोस्टमधून वाचलंय. जुन्या पीएचपी ७ मध्ये याच इशाऱ्यात अनडिफाइन्ड इंडेक्स असे शब्द होते, म्हणून जुन्या जर्नलमध्ये तसं लिहिलेलं सापडेल.

चुकीच्या ओळीचा आकडा आला की मुलं तीच ओळ दहा वेळा वाचतात. अर्धविराम राहिला असेल तर पीएचपीला ते पुढच्या ओळीवर गेल्यावर कळतं, म्हणून वरची ओळ वाचायची.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून आणलेल्या कोडमध्ये अवतरणचिन्हं वाकडी होतात, पीएचपी ती ओळखत नाही. पुसून परत टाइप करणं हाच उपाय.

मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली तर हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८ आहे का बघा आणि नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का तेही.

एका मशिनवर दोघं बसतात तिथे कीबोर्ड कायम एकाकडेच राहतो. दर १५ मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायला लावा. दुसऱ्याने तेवढा वेळ जर्नलमध्ये फॉर्मचं नेम आणि पीएचपीतलं नाव शेजारी शेजारी लिहायचं. जुळलं नाही तर चूक तिथेच दिसते.

आयटी_मॅडम

दोन बॅच एकाच मशिनवर बसतात. आयटी फोल्डरमध्ये दोन उपफोल्डर केली तर बॅच फाइल बदलावी लागेल का?

जर्नल_तपासनीस

नाही. सर्व्हर आयटी फोल्डरपासूनच सुरू होतो, म्हणून पत्त्यात ८००० नंतर आधी उपफोल्डरचं नाव आणि मग फाइलचं नाव आलं की पुरे. रोबोकॉपीतलं स्लॅश ई उपफोल्डरही उचलतं. फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये मात्र फक्त फाइलचं नाव लिहायला सांगा, पुढे स्लॅश नको. स्लॅश दिला तर पान मूळ फोल्डरात शोधलं जातं आणि सापडत नाही.