पाट्या काढू नका, उशिरा दाखवा

'बघणं' या विषयावरच्या नाशिकच्या प्रदर्शनात लोक चित्रापेक्षा शेजारची माहितीची पाटीच वाचत बसतात, तेव्हा पाट्याच काढा, अशी सूचना कुणीतरी केलीय. पटलं नाही.

रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी लोकांना चित्रकार रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. माणसांची वयं ओळखा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, कपडे लक्षात ठेवा म्हटलं की अंगावर. या प्रयोगांबद्दलचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९६७ मध्ये आलं. म्हणजे प्रश्न बदलला की डोळ्यांची वाटही बदलते.

आपली नाशिकची पांडवलेणीच घ्या, डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी. लेणं ३ आणि लेणं १० आराखड्याने जवळपास सारखी. लोक दोन्हींत डोकावतात, सेल्फी काढतात, निघतात. त्यांना आधी एवढंच विचारा: मागच्या भिंतीवर काय कोरलंय? ३ मध्ये स्तूप आहे. १० मध्येही होता, पण पुढे तो तासून भैरवाची मूर्ती केली गेली. मग जुन्या स्तूपाच्या कडा, खुणा आपोआप शोधल्या जातात.

तेव्हा चित्राशेजारी फक्त एक प्रश्न लावावा आणि माहितीची पाटी समोरच्या भिंतीवर. चित्रकाराचं नावही तिकडेच. नाव मोठं असलं की लोक आधीच माना डोलवायला लागतात.