रात्री घराजवळ बेडूक भेटलाय का? अनुभव लिहा

काल साडेअकराला पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली मोठा खडबडीत बेडूक बसलेला, पंख फुटलेली वाळवी टपाटप खाली पडत होती आणि हा एकेक टिपत होता. मी तिथेच उकिडवी बसले. घास गिळताना दरवेळी त्याचे डोळे मिटून आत जायचे. डोळे आत दाबून घास ढकलतो तो, बाबांनी लहानपणी दाखवलेलं. बदलापूरला चाळीमागे भातखाचर होतं, पहिल्या पावसात डराव डरावने झोप लागायची नाही, बाबा टॉर्च घेऊन पिवळेधमक बेडूक दाखवायला न्यायचे. आता तिथे बिल्डिंग झालीये. काल अख्ख्या सोसायटीत हा एकटाच. फार भरून आलं.

पागोळी: आमच्या बाथरूममध्ये असतो, टाइल्सला चिकटून, बोटांच्या टोकाला चकत्या. गेल्या वर्षी गच्चीतल्या पिंपाला आतून फेसाचा गोळा दिसला, साबण समजून पुसणार होते, सासूबाई म्हणाल्या थांब अंडी आहेत. महिनाभर ते पिंप कोणी वापरलं नाही

रातवा: कुत्रेवाल्यांनो जपा!! आमच्या ब्रूनोने असाच खडबडीत तोंडात धरला, फेसच फेस. डॉक्टर फोनवर म्हणाले तोंड खाली करून नळाखाली धू, पाणी घशात जाऊ देऊ नको, मग लगेच घेऊन ये. डोळ्यामागच्या गाठींत विष असतं त्याच्या

मालवणी_४२: ते पिवळे म्हणजे विषारीच ना?

पागोळी: नाही हो दादा, ते नर, माद्यांसाठी पिवळे होतात, गळ्याला दोन निळे फुगे येतात. पावसाचा जोर सरला की परत मातकट

तिसवाडीकर: आमच्याकडे गोव्यात ह्याच दिवसांत रात्री बत्त्या घेऊन पकडतात, जंपिंग चिकन म्हणून खातात. कायद्याने गुन्हा आहे. माझ्या मामाने सोडलं ते, मी भांडून भांडून सोडायला लावलं

रातवा: @पागोळी तू ठाण्याची ना? घोडबंदरला पाणी तुंबलंय का आज, भावाला यायचंय

पागोळी: सकाळी नव्हतं, आता माहीत नाही. ब्रूनो बराय ना?

रातवा: हो गं मस्त आहे

नवी_आई: आमचा वॉचमन मीठ टाकतो बेडकांवर 😢 कातडीनेच पाणी पितात आणि श्वासही घेतात ते, आग होत असेल किती. काय सांगू त्याला?

मालवणी_४२: हेच सांगा. आणि म्हणावं डास खातो तो